ड्रममधला गाळ

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या हाती पुरातल्याच गाड्या होत्या. त्यातली एक जुनी ओम्नी मी विसरणार नाही. पाणी चढताना गाडी वाहून जाऊ नये म्हणून काकांनी हँडब्रेक कचकचून ओढला होता. इंजिनचं काम झालं, तरी मागचं डावं चाक जाम. शेवटी हत्यारं घेऊन त्यांच्या अंगणातच गेलो.

"रिव्हर्स टाकून झटका दे, सुटेल म्हणतात सगळे," काका म्हणाले.

"आधी उघडून बघू, काका."

ओम्नीचं इंजिन मागची चाकं फिरवतं, हँडब्रेकही मागच्याच चाकांना. मागून उचलली की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून जांभ्याचे चिरे लावले, जॅकखाली फळी, एक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी कधी हात घालत नाही, दुसऱ्यालाही घालू देत नाही.

हँडब्रेकची केबल ढिली केली, ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी डब्याच्या, दोन भोकांत आठ एमएमचे बोल्ट घालून आळीपाळीने पिळत गेलो. अर्ध्या तासाने 'टक्क' झालं. आत गाळ वाळून कौलासारखा झाला होता. आणि शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारी कमान, म्हणजे नुसतं लोखंड! त्यावरचा घासणारा थर, लायनर, कुठे गेलं? ड्रम उलटा केला, तर ते आतल्या बाजूला चिकटून बसलेलं. गंजाने शूवरून सुटलं होतं.

झटक्याने चाक सुटलं असतं, गाडी चाललीही असती. आणि त्याच आठवड्यात काका-काकू कुंभार्ली घाट उतरून येणार होते. शू काकांच्या हातात दिला. बराच वेळ ते तो धरून पायरीवर बसले होते.

गाळ पाण्याने भिजवूनच काढला. ब्रेकची धूळ फुंकायची नसते. नवे शू, आणि ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे व्हील सिलिंडरही नवे. एका बाजूचं पूर्ण होईपर्यंत दुसरी उघडली नाही, स्प्रिंगा कशा बसतात ते समोर दिसत राहतं. ब्रेक ऑइल पाणी धरतं, तेही सगळं बदललं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला काकूंना पेडलवर बसवलं. "दाबा... धरून ठेवा... सोडा." निपलच्या नळीतले बुडबुडे हळूहळू थांबले.

"अरे, हे आता खाली जातच नाही," काकू घाबरून म्हणाल्या.

"जायलाच नको, काकू."