बुचाच्या फुलांचे दिवस

सव्वासहाला वसतिगृहातून निघते तेव्हा डोळे अर्धे मिटलेलेच असतात. विभागाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की आधी नाक जागं होतं. बूच फुललंय. ऑक्टोबरमध्ये दुपारी अंग भाजतं आणि पहाटे मात्र ओढणी गळ्याभोवती गुंडाळावी लागते. त्या पहाटेच्या गारव्यात हा वास खाली उतरून थांबलेला असतो.

मी पुणे विद्यापीठात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि 'कमवा व शिका'मध्ये बागेत काम करते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना आहे. झाडलोट करायची, कुंड्यांना पाणी घालायचं, रोपांच्या पिशव्यांत माती भरायची, असे रोज तीन तास. त्यातून मेसचं भागतं आणि अप्पांकडे मागावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पण नंतर लेक्चर, प्रॅक्टिकल, रात्री जर्नल. परीक्षा जवळ आली की झोप चार-पाच तासांवर येते आणि दिवसभर पाय जड वाटतात.

बुचाखाली खराटा चालवणं जिवावर येतं. फुलं रात्री उमलतात आणि उजाडेपर्यंत रस्ता पांढरा होतो. दवाने ओल्या झालेल्या डांबराला ती चिकटून बसतात. एक उचलून बघा. बोटाएवढी लांब आणि वातीसारखी बारीक नळी, टोकाला पसरलेल्या पाकळ्या. मध पार तळाशी असतो. तिथपर्यंत फक्त लांब सोंडेचे पतंग पोचतात, आणि ते रात्रीचे. अंधारात त्यांना सापडावं म्हणून हा पांढरा रंग, हा वास.

त्या दिवशी मी खराटा टेकवून उभ्या उभ्याच डोळे मिटले. बागेतल्या मावशी म्हणाल्या, "झोप झाली नाही वाटतं. बस जरा." आणि कट्ट्यावर बसवून त्यांनी मला बुचाची वेणी शिकवली. सुई नाही, दोरा नाही. नळ्याच एकमेकींत अडकवत जायच्या. नवीन फूल ठेवायचं, मागची नळी त्याच्यावरून वळवायची, खाली दाबायची. जास्त ओढलं की नळी तुटते. माझ्या तीन तुटल्या. मावशींच्या हातात तोवर वीतभर वेणी झाली होती आणि ती त्यांनी माझ्याच केसांत माळली.

साडेदहाच्या प्रॅक्टिकलला बिग्नोनिया या वेलीच्या खोडाचे छेद, म्हणजे पातळ काप, घ्यायचे होते. बूच त्याच कुळातलं. ब्लेडने पंधरा-वीस छेद घेतले, सगळे जाड. एकच पाण्यावर पापुद्र्यासारखा तरंगला. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि लालभडक काष्ठात चार बाजूंनी आत शिरलेल्या खाचा दिसल्या, जणू कोणी फुली मारलीय. पुस्तकातली आकृती मी दहा वेळा काढली होती. तरी ती फुली स्वतःच्या छेदात दिसल्यावर आळस कुठल्या कुठे गेला. अर्ध्या तासाने मात्र आकृतीला नावं देता देता वहीवरच डोकं टेकलं. मैत्रिणीने कोपराने ढोसून उठवलं.

दुपारी जयकर ग्रंथालयात बसले होते. आईचा फोन आला, म्हणून बाहेर पायऱ्यांवर आले. आमचं गाव औसा तालुक्यात, लातूर जिल्ह्यात. "सोयाबीन काढून बनीम लावलीय. वरून ताडपत्री हाय, पर रात्रीच्या पावसानं खालून वलं झालं. आता ऊन पडंल तसं पसरायचं." बनीम म्हणजे कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग. मग तिने लगेच विचारलं, "तू जेवलीस का?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते. परतीचा पाऊस इथे रस्ता धुऊन जातो, तिकडे वर्षाच्या पैशावर पडतो. नंतर वाचायला बसले तरी तासभर एकच पान समोर होतं. सगळी ताडपत्रीखालीच होते मी.

संध्याकाळी आईला वेणीचा फोटो पाठवला. तिने विचारलं, "याचं बी मिळंल का गं? दारात लावू." बूच मूळचं ब्रह्मदेशाकडचं. इकडे त्याला शेंग क्वचितच धरते, पण मुळांना फुटवे फार येतात. हे मी वाचलेलं. फुटवा नेमका कुठे खणायचा, ते मावशींना ठाऊक. दुसऱ्या दिवशी वाटेतच उगवलेला, तसाही उपटला जाणारा एक फुटवा त्यांनी मुळाच्या तुकड्यासकट काढला आणि काळ्या पिशवीत लावून दिला. "घट्ट धरू नकोस, माती हलते," म्हणाल्या.

पिशवी आता खोलीच्या खिडकीत आहे. जुनी पानं गळाली, पण काल पेराजवळ हिरवा ठिपका दिसला. दिवाळीला लातूरच्या एसटीचं तिकीट काढलंय, खिडकीजवळची जागा. पिशवी मांडीवरच ठेवणार आहे.