हाडातून दिलेलं सलाईन

नऊ आठवड्यांचं गावठी पिल्लू, वजन जेमतेम सव्वादोन किलो. टेबलावर ठेवलं तसंच पडून राहिलं. वाईजवळच्या एका वाडीवरून बापलेक मोटारसायकलवर आले होते. पिल्लू पोराच्या शाळेच्या शर्टात गुंडाळलेलं, आणि शर्टाला तो वास. पार्वो या कुत्र्यांच्या विषाणूच्या आजारातल्या रक्ताळ जुलाबाचा वास एकदा नाकात बसला की पुढे दारातूनच ओळखू येतो.

"मॅडम, काल सकाळपासनं उलट्या. रात्री रक्ताचं हागाय लागलं. आईनं ताक पाजलं, तेबी बाहेर आलं," वडील म्हणाले.

पोराने नाव सांगितलं, खंड्या.

विष्ठेचा नमुना घेऊन रॅपिड किट लावलं. दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली, म्हणजे पार्वोच, पण तिची वाट बघत बसायला वेळ नव्हता. ताप बघितला तर ९६.८ फॅरनहाइट. निरोगी पिल्लाचं अंग १०१ च्या आसपास असतं. हिरड्या पांढऱ्याफटक, ग्लुकोमीटरवर साखर ३८. एवढ्या लहान जिवाच्या यकृतात साखरेचा साठा फारसा नसतो, दिवसभर पोटात काही ठरलं नाही की तो संपतो. कंपाउंडरने रबरी हातमोज्यांत गरम पाणी भरून ते फडक्यात गुंडाळले आणि त्याच्या दोन्ही कुशींना लावले.

पुढच्या पायाची शीर सापडेना. मागच्या पायाची नाही, मानेचीही नाही. अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की शिरा चपट्या होऊन बसल्या होत्या. अशा वेळी कातडीखाली सलाईन सोडण्यात अर्थ नसतो. कातडीकडचा रक्तपुरवठा शरीराने आधीच आवरता घेतलेला असतो, त्यामुळे पाणी तिथेच फुगा होऊन राहतं. मी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी केस कापले, जागा बधिर केली आणि सुई थेट हाडात घातली. पिल्लाचं हाड कोवळं असतं, सुई फिरवत दाबली की आत शिरते. हाडातला मगज रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो आणि हाड शिरेसारखं मिटत नाही. तिथून दिलेलं औषध शिरेतून दिल्याइतक्याच वेगाने रक्तात पोचतं.

"हाडाला भोक पाडलं?" पोराचा आवाज कापला.

"भरून येतं रे बाळा. आता याला पाणी पोचलं पाहिजे."

आधी पातळ केलेलं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, अगदी हळू दिलं, मग कोमट केलेलं रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं सलाईन. तासाभराने हिरड्यांवर फिकी गुलाबी छटा आली. मग पुढच्या पायाची शीर बोटाला लागली, तिथे इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, बसवलं आणि हाडातली सुई काढली.

वडिलांनी बाजूला घेऊन विचारलं, "खर्च किती येईल? आणि यावर नेमकं औषध काय?" मी खर्च सांगितला आणि हेही सांगितलं की पार्वोचा विषाणू मारणारं औषध माझ्या कपाटात नाही. हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशी गाठतो. आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज हे त्याचे मुख्य बळी. अस्तर सोलवटून निघालं की पाणी आणि रक्त वाहून जातं, आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. नेमक्या त्याच वेळी जंतूंशी लढणाऱ्या, मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. खंड्याच्या १,२०० होत्या, एरवी ६,००० च्या वर असायला हव्यात. अँटिबायोटिक देतो ते या जंतूंसाठी. शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करतं आणि विषाणूला तेच हरवतं, तोवर पिल्लू जिवंत ठेवायचं हे आमचं काम. उपचार न केलेली बहुतेक पिल्लं दगावतात. वेळेवर सलाईन आणि शुश्रूषा मिळालेली बहुतेक वाचतात. एवढा मोठा फरक पडणारे आजार थोडे आहेत, म्हणून मी पार्वोच्या पिल्लावर कधी आशा सोडत नाही. वडील थोडं थांबून म्हणाले, "करा मग."

उलट्यांवर मॅरोपिटंटचं इंजेक्शन दिलं, सलाईनमध्ये पोटॅशियम घातलं आणि संध्याकाळी नाकातून बारीक नळी पोटात सोडली. पूर्वी या पिल्लांना उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवत. आता आम्ही लवकर खायला घालतो, कारण आतड्याच्या पेशींना बरंचसं पोषण आतड्यात आलेल्या अन्नातूनच मिळतं. दर दोन-तीन तासांनी पातळ अन्नाचे काही थेंब. सिरिंज पोराने धरली. शाळेचं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं, मीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंड्याची आजी आली. तिचा प्रश्न रास्त होता. "तुमीच लस टोचली होती की. मग कसं झालं?" पहिली लस आमच्याकडेच सहाव्या आठवड्यात झाली होती आणि दुसरीची तारीख अजून यायची होती. घरच्यांनी काही चुकवलं नव्हतं. आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात, ती आठवड्यागणिक ओसरत जातात. मध्ये एक काळ असा येतो की आजार अडवायला ती अपुरी पडतात, पण लस निकामी करायला पुरेशी असतात. कुठल्या पिल्लात तो काळ कधी येईल ते बाहेरून कळत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस देत राहायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा.

आजी म्हणाली, "गेल्या साली याच अंगणात एक पिल्लू असंच गेलं." तिथे सगळं जुळलं. १९७८ मध्ये जगाला ओळख झालेला हा विषाणू मातीत, सावलीत महिनोन्महिने टिकतो. स्पिरिट, सॅनिटायझरला दाद देत नाही. ब्लीचला देतो, पण एका भागाला तीस भाग पाणी या मापाने आणि आधी घाण धुतलेल्या फरशीवर. शेणामातीच्या अंगणात ब्लीचची ताकद मातीतच जिरते.

चौथ्या दिवशी खंड्याने नळी ओढून काढली आणि वाटीतला भात-चिकन स्वतः चाटला. पांढऱ्या पेशी वर चढत होत्या. घरी सोडताना आजीला सांगितलं की दोनेक आठवडे याच्या विष्ठेतून विषाणू जात राहील, गल्लीतल्या पिल्लांपासून लांब बांधा. माणसाला, शेरडांना हा होत नाही. आजीने गल्लीत आणखी कुणाकडे पिल्लं आहेत ते बोटांवर मोजलं आणि विचारलं, "त्यांना लस टोचायला तुमी येता का आमी आणू?" मी म्हणाले, "आणू नका आजी, मीच येते. या दवाखान्याच्या फरशीवर सध्या पिल्लांना ठेवायचं नाही."