एकटी का गेले?

जाऊबाई, नणंद, भजनातल्या बायका, सगळ्यांचं एकच: हार्टच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जायचं नि घोव घरात असताना एकटीच गेलीस?

हो, गेले. लपवण्यासारखं काही नव्हतं.

आधी फोंड्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोघं गेलो होतो. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधताना हात वर केले की छाती दाटून यायची. खाली बसलं की दोन-तीन मिनिटांत उतरायची. डॉक्टरांनी विचारलं, काय होतं? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "तिका गॅस जाता, दुसरें कांय ना." दम लागतो? "दिवसभर घरात पळत असते." वडील कशाने गेले? "वय झालेलं."

वय! बाबा 52 व्या वर्षी गेले, कुळागरात पोफळींना पाणी सोडताना. बाप किंवा भाऊ पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेला असेल तर डॉक्टर त्याची वेगळी दखल घेतात, हे मी वाचलं होतं. तरी पदर बोटाला गुंडाळत बसले. ईसीजी चांगला आला. निजून, आरामात काढलेला. दुखणं तर कष्टांत यायचं. गॅसच्या गोळ्या घेऊन घरी.

तुला तोंड नव्हतं? मीच मला विचारते. भजनात माझा आवाज सगळ्यांच्या वर लागतो.

म्हणून पणजीला हार्टच्या डॉक्टरकडे जाण्याआधी वही केली. पहिल्या ओळीत बाबांचं वय. मग किती पायऱ्यांवर दाटतं, किती वेळात उतरतं. दोन आठवड्यांचं बीपी, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं गप्प बसून घेतलेलं. जुना ईसीजी. गोळ्यांच्या पट्ट्या सगळ्या, गुडघेदुखीसाठी परस्पर फार्मसीतून आणते तीसुद्धा. ती दाखवायची लाज वाटत होती. डॉक्टरांनी नेमकी तीच उचलली. असल्या गोळ्यांनी बीपी चढतं म्हणे.

हे वाईट नाहीत. माझ्याहून जास्त घाबरलेत, एवढंच. आणि एकटी जाऊन मी फार शहाणपण केलं असंही नाही. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी कशासाठी, ट्रेडमिलवर चालवून ईसीजी कशासाठी, डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. कदंबा बसमध्ये चढेपर्यंत निम्मं विसरले. माझं सगळं लिहून नेलं, त्यांचं लिहून आणायचं सुचलं नाही. सोबत कोणी असतं तर?

यांनी दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

"गॅस," म्हटलं.

हे हसले नाहीत. वही मागितली. अजून दिलेली नाही.