पडलेला त्रिकोण

वर्तुळ दोन दिवसांत झालं, चौरसाला आठवडाही लागला नाही. त्रिकोणापाशी मात्र आम्ही दीड महिना अडकलो. लेकीवर मी रागावलो नाही असं नाही, पण खरा राग आहे तो आमच्याकडच्या चित्रपुस्तकांवर, आणि तो अजून गेलेला नाही.

लेक चार वर्षांची. रोज झोपताना एक गोष्ट ठरलेली. घरात आकारांच्या गोष्टींची पाच पुस्तकं, आणि पाचही पुस्तकांत त्रिकोण एकाच ऐटीत उभा: खाली सपाट बाजू, वर टोक, तिन्ही बाजू सारख्या, दोन डोळे नि हसरं तोंड. कधी तो डोंगर, कधी छप्पर, कधी विदूषकाची टोपी. पान पुरतं उघडायच्या आत ती "त्रिकोण!" म्हणून ओरडायची. मला वाटलं, आला.

एका रात्री पुस्तक माझ्याकडून उलटं धरलं गेलं. ती म्हणाली, "बाबा, हा त्रिकोण नाहीये. पडलाय तो." अगं, तोच आहे, म्हटलं. तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, सुलटं केलं आणि म्हणाली, "आता आहे."

दुसऱ्या दिवशी मी कागदावर एक लांबुडका, निमुळता त्रिकोण काढला. "हा काटा." काटकोन असलेला काढला. "ही घसरगुंडी." मग कोपरे गोलसर आणि बाजू फुगीर असलेली एक आकृती काढली, तर तिला मात्र ती बेधडक त्रिकोण म्हणाली, कारण टोक वर होतं! "तीन बाजू, तीन कोपरे" हे मी रोज घोकून घेत होतो, तीही घडाघडा म्हणत होती, आणि पुढच्याच पानावर पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात माझा आवाज चढला. तिने पुस्तक मिटलं. त्या रात्री गोष्ट झाली नाही, आणि ते मला फार लागलं.

नेदरलँड्समधल्या पियरे आणि दीना व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये भूमिती शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार ओळखतं ते त्याच्या एकूण रूपावरून, बाजू-कोपऱ्यांवरून नाही. हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. लेक चुकत नव्हती. पुस्तकांनी जे रूप दाखवलं, तेच तिने पक्कं केलं होतं.

मग मी गोष्टच बदलली. पुठ्ठ्याचे तऱ्हेतऱ्हेचे त्रिकोण कापले आणि एकावरही डोळे काढले नाहीत, कारण तोंड आलं की वर-खाली ठरून जातं. आमचा त्रिकोण टेकडीवरून गडगडत येतो. थांबेल तिथे एक मुंगी त्याच्या कडेकडेने चालते. मुंगी म्हणजे तिचं बोट. "सरळ, सरळ, वळली! एक." तीन वळणं झाली की मुंगी घरी. फुगीर आकृतीवर बोट फिरवताना ती थबकली. "इथे मुंगीला वळायचं कळतच नाही." चौथ्या रात्री तो लांबुडका तिने स्वतः उचलला, तीन वळणं मोजली आणि हळूच म्हणाली, "काटापण त्रिकोणच आहे, बाबा." मी तिला उचलून घेतलं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: चौरसही पहिल्या दिवसापासून तिरका धरून दाखवा. कोपऱ्यावर उभा केलेला चौरस दाखवून पुस्तकं त्याला 'हिरा' म्हणतात. फिरवल्याने चौरसाचं काहीच बदलत नाही. आणि "हा आयत नाही, हा चौरस" असं चुकूनही म्हणू नका. चौरस हाही आयतच, चारही बाजू सारख्या असलेला. पुढे शाळेत ते पुसून काढावं लागतं.

आपल्या बोलण्यातला 'गोल' हा शब्दही घोळ घालतो. चेंडू गोल आणि झाकणाची कडाही गोल. आम्ही झाकण कागदावर ठेवून गिरवलं, ते वर्तुळ. चेंडू तसा गिरवता येईना, तेव्हा तिला फरक आपोआप कळला.

काल एक नवं पुस्तक घरी आलं. त्यातही तोच, डोळे मिचकावणारा. तिने एका तळहाताने त्याचं तोंड झाकलं, दुसऱ्या हाताची मुंगी कडेने फिरवली, मग पुस्तक उलटं करून पुन्हा फिरवली. "तीनच," म्हणाली आणि पान उलटलं.