सव्वीस फेब्रुवारीची संध्याकाळ

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या कपाटातून ती निळी फाइल बाहेर निघते. आत सात पानं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, आणि कडेला पेन्सिलच्या खुणा: कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात केलेलं भाषण. मूळ इंग्रजी, मंडळातल्या मराठीच्या निवृत्त बाईंनी ते मराठीत आणून अकरा मिनिटांत बसवलं. त्या भाषणानंतर चार वर्षं आणि दोन दिवसांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता. कल्याणच्या जोशांची ही यमू, म्हणून कल्याणात तिचा स्मृतिदिन व्हायलाच हवा, एवढ्या एका हट्टावर आमचा कार्यक्रम उभा आहे.

दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक हे सगळीकडे होतं तसंच होतं. समयीचं तेवढं सांगते. व्यासपीठावरचे दोन्ही पंखे आधी बंद करायचे आणि पाचही वाती आदल्या रात्रीच तेलात भिजवून ठेवायच्या. कोरडी वात पाहुण्यांच्या हातात पेटत नाही, मग काड्यापेटी संपते आणि फोटोवाले दादा ताटकळतात. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला एक वाक्य मात्र पाठच करून घ्यावं लागतं. ‘भारतातील पहिली महिला डॉक्टर’ असं मोघम म्हणायचं नाही. १८८६ सालीच कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे अनेक वर्षं व्यवसाय केला. आनंदीबाई अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची ती पदवी, ११ मार्च १८८६. खरं आहे तेच पुरेसं मोठं आहे.

आता भाषण. ते म्हणजे सहा प्रश्नांची उत्तरं आहेत. अमेरिकेला का जातेस? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? संकट आलं तर काय करशील? आणि जे कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करतेस? एके वर्षी सहा मुलींना सहा प्रश्न वाटून दिले होते. ते फसलं. प्रत्येक बदलाला माईक खाली-वर करण्यात वीस-पंचवीस सेकंद जातात, उंच मुलीनंतर ठेंगणी आली की पुन्हा तेच, आणि ऐकणाऱ्याला एकच माणूस उत्तर देतंय असं वाटत नाही. तेव्हापासून नववीतली एकच मुलगी. तालमी दहा, शेवटच्या तीन प्रत्यक्ष माईकवर. भाषणात ‘प्रश्न’ हा शब्द सारखा येतो आणि जवळ धरलेल्या माईकमध्ये ‘प्र’ दरवेळी फट्‌कन फुटतो. म्हणून माईक तोंडापासून एक वीत लांब आणि हनुवटीच्या किंचित खाली ठेवायचा.

नऊवारीचा काष्टा पायऱ्या चढताना सुटतो. मुलीला आधीच नेसवून दोनदा वर-खाली करायला लावायचं आणि कमरेची गाठ आतून दोन पिनांनी धरायची. खोकायचा अभिनय अजिबात करू द्यायचा नाही. दर दोन-तीन वर्षांनी कोणाच्या तरी डोक्यात ते येतंच. सेरामपूरच्या दिवसांत आनंदीबाईंना सतत डोकेदुखी होती, अधूनमधून ताप यायचा, धाप लागायची, हे खरं. अमेरिकेहून थिओडिशिया कार्पेंटर यांनी, ज्यांना आनंदीबाई मावशी म्हणायच्या त्यांनी, औषधं पाठवली, पण गुण आला नाही. असं अंग घेऊन सतरा वर्षांची मुलगी सभेत ताठ उभी राहिली. त्या ताठपणात सगळं आलं.

चौथ्या प्रश्नाला मुली आवाज चढवतात, कारण तिथे टाळी मिळते. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असं तिथे आहे. बाई मुलीला समोर बसवून मागची हकिकत सांगतात. आनंदीबाईंचे पती गोपाळराव, त्यांनी मदतीसाठी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिलं, तेव्हा दोघांनी ख्रिस्ती व्हावं असं उत्तर आलं. तो पत्रव्यवहार छापला गेला आणि न्यू जर्सीत दंतवैद्याकडे बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्यांनी अट न घालता हात पुढे केला. इतकं कळलं की मुलगी ते वाक्य आपोआप हळू बोलते. कोणाच्या धर्माविरुद्ध ती घोषणा नव्हती. ज्या मावशींच्या घरी ती राहिली त्या ख्रिस्तीच होत्या. आपली श्रद्धा सोबत नेणार, एवढंच तिने सांगितलं, आणि ते पाळलं.

पाचव्या प्रश्नाला सभागृहात खुर्ची सरकल्याचाही आवाज येत नाही. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असतं, व्यासपीठावरच्या मुलीला ठाऊक असून नसल्यासारखं बोलायचं असतं. पेन्सिलची सर्वात ठळक खूण त्याच पानावर आहे: ‘तीन आकडे मोज, मग बोल.’

भाषणानंतर लगेच डॉक्टरांची वीस मिनिटं. १८८७ मध्ये क्षयाचा जंतू सापडून पाच वर्षं झाली होती, औषध मात्र नव्हतं. आज आहे, म्हणून हा भाग आम्ही कधीच गाळत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री घाम. यातलं काही असेल तर थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. घोटाळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबतो, भूक लागते, माणूस गोळ्या सोडतो. उरलेले चिवट जंतू मग वाढतात, औषधाला दाद देईनासे होतात, आणि उपचार लांबतो. डॉक्टर हे दरवर्षी त्याच शब्दांत सांगतात आणि दरवर्षी कोणीतरी नंतर बाजूला घेऊन त्यांना काहीतरी विचारतं.

उपस्थितीबद्दल मनात सल आहे, तो लपवत नाही. दुसऱ्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन, त्याच्या दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. सव्वीसला खुर्च्या रिकाम्या आणि सत्तावीसला त्याच सभागृहात उभं राहायला जागा नाही, हे पाहून वाईट वाटतं. दहावी-बारावीच्या परीक्षा असणाऱ्या घरांचं समजू शकतो. पण आपल्या मुलीचं समूहगीत झालं की उठून जाणाऱ्या पालकांनी भाषण तरी ऐकावं. अकरा मिनिटं आहेत फक्त.

काम करणारे हात खूप आहेत, कोणी राहू नये म्हणून आठवून लिहिते. दुपारी चारला सभागृह उघडून देणारे शाळेचे शिपाईमामा. सव्वाशे खुर्च्या लावणारी आठवीची मुलं. माईकवाले दादा, जे जादा बॅटरी स्वतःहून आणतात. फोटोला मोगऱ्याचा चार हाती हार अर्ध्या किमतीत देणाऱ्या फूलवाल्या मावशी. नऊवारी नेसवणाऱ्या आजी, वय ऐंशीच्या पुढे. रांगोळीच्या दोघी बहिणी. आणि चहाच्या काकू. सव्वाशे कपांना दूध पाच लिटर, पाणी पाच लिटर, साखर किलोभर, चहा पावडर पाव किलो, आलं कुटून शेवटी, कारण दूध तापण्याआधी घातलं तर ते फाटतं. पेटीवर साथ करणारे काकाही आहेत. गेल्या वर्षी आभाराच्या कागदावर त्यांचं नाव राहिलं होतं, म्हणून यंदा ते पहिल्या ओळीत लिहून ठेवलं आहे.

शेवटी सूत्रसंचालिका एक छोटा मजकूर वाचते. आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत पुरली गेली. तिथे दगड आहे, त्यावर नाव आहे, १८६५ ते १८८७ ही सालं आहेत. मग दिवे मंद करून दोन मिनिटं उभं राहायचं. त्यानंतर ज्या मुलीने भाषण केलं तिने निळी फाइल पुढच्या वर्षीच्या मुलीच्या हातात द्यायची. ती बहुतेक आठवीतली असते आणि पानं तिथेच उघडून बघते.