कॅल्पेनच्या खाचेत काय बसेल?

डोक्याला जबर मार बसला की त्या क्षणी जे तुटतं ते तुटतंच, त्यावर औषध नाही. पण पुढे कित्येक तास जखमी पेशींत कॅल्शियम शिरत राहतं, त्याने कॅल्पेन हे एन्झाइम जागं होतं आणि चेतापेशीचा सांगाडा कुरतडायला लागतं. आमचा सगळा खटाटोप या मधल्या वेळासाठी.

मी कॅल्पेनला अडवणारे रेणू संगणकावर रचते. कॅल्पेन-१ आणि कॅल्पेन-२ ही भावंडं. त्यातल्या कॅल्पेन-२ ची १९९९ सालची स्फटिकरचना, म्हणजे त्याच्या अणूंच्या जागांचा नकाशा, कॅल्शियमविना आहे. नव्याने कामाला लागलेली मुलं ती उघडतात आणि हिरमुसतात. कापणारं अमिनो आम्ल सिस्टीन १०५ (साखळीतलं १०५ वं) एकीकडे, त्याच्या जोडीचं हिस्टिडीन २६२ दुसरीकडे, मध्ये दहाएक अँगस्ट्रॉम (सुमारे एक नॅनोमीटर). इतक्या लांबून प्रोटॉनची देवघेव होत नाही, म्हणजे कात्री मिटतच नाही. मला मात्र ही रचना भारी आवडते. कॅल्पेन जवळपास प्रत्येक पेशीत असूनही आपण शाबूत कसे, ते तिच्यात दिसतं: कॅल्शियम येईपर्यंत कात्री उघडीच.

औषध रचायला अर्थात कॅल्शियम बांधलेली रचना हवी. कॅल्पेन-१ च्या गाभ्याची तशी रचना २००२ मध्ये आली, पाठोपाठ ल्युपेप्टिन आणि ई-६४ हे अडवणारे रेणू बसवलेल्याही आल्या. त्यांत, जिथे कापणं चालतं त्या खाचेच्या तोंडाशी, प्रथिनाच्या साखळीचे हलणारे लूप दिसले. रेणू खाचेत कसा बसेल ते पाहणारा डॉकिंगचा प्रोग्रॅम बहुधा प्रथिन ताठ धरतो, त्यामुळे लूप कुठल्या स्थितीत घ्यायचे यावर निम्मा निकाल ठरतो. प्रोग्रॅमने दिलेल्या नुसत्या स्कोअरवर माझा काडीचा विश्वास नाही.

खरी डोकेदुखी नातेवाइकांची. कॅथेप्सिन बी आणि एल या एन्झाइमांचंही काम सिस्टीनवरच चालतं, आणि ल्युपेप्टिन, ई-६४ दोघं त्यांनाही धरतात. त्यात उंदरांवरचे प्रयोग सुचवतात की कॅल्पेन-१ चेतापेशींना तगायला मदत करतं, नासधूस कॅल्पेन-२ करतं. म्हणजे सख्ख्या भावंडांतलं एकच अडवायचं!

म्हणून सध्या माझ्या पडद्यावर २००८ ची रचना असते: कॅल्पेन-२ आणि त्याला आवरणारं शरीराचंच प्रथिन, कॅल्पास्टॅटिन. ते खाचेच्या दोन्ही बाजू व्यापतं, पण सिस्टीनपाशी येताच बाहेर वळसा घालतं, त्यामुळे स्वतः कापलं जात नाही. अल्डिहाइड गटाने सिस्टीनला धरणारे रेणू तिथेच संपतात. त्याऐवजी कीटोअमाइड हा गट घेतला तर त्याच्या नायट्रोजनच्या टोकाने पलीकडच्या बाजूतही पोचता येतं. कॅल्पेन-२ चा वेगळेपणा हाती लागलाच तर तिकडेच लागेल असं मला वाटतं, म्हणून आता तिथे बसतील असे गट एकेक करून जोडून बघतेय.