नकाशांसकट संपूर्ण: युद्धेतिहासाची जुनी सरकारी प्रकाशने जमवताना

ब्रह्मदेशातील १९४१ ते १९४५ च्या मोहिमेवर निरनिराळ्या सरकारांनी जे प्रसिद्ध केले ते मूळ छापील रूपात जमवायचे, असे मी ठरवले तेव्हा या विषयावरची बरीच पुस्तके माझ्याजवळ होती. परंतु ती बहुतेक सेनानींची आत्मचरित्रे, पलटणींचे इतिहास आणि नंतरच्या लेखकांची लोकप्रिय वर्णने होती. त्या सर्वांच्या तळटीपा फिरून फिरून त्याच थोड्या प्रकाशनांपाशी येऊन थांबत होत्या. ब्रिटनच्या अधिकृत इतिहासातील जपानविरुद्धच्या युद्धाचे पाच खंड, भारत व पाकिस्तान यांच्या संयुक्त इतिहास विभागाची मालिका, ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या पुरवण्यांत छापलेले सेनापतींचे अहवाल आणि आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी संयुक्त सेनाप्रमुखांना सादर केलेला, १९५१ साली प्रसिद्ध झालेला अहवाल. इतरांनी ज्यावरून लिहिले ते आपण मुळातून वाचावे, एवढीच सुरुवातीची इच्छा होती.

यातील बराच मजकूर आज संगणकावर वाचता येतो आणि तो मी वाचतही होतो. अडचण नकाशांची होती. स्कॅन करणाऱ्याने घडी न उलगडता पान पुढे ढकललेले असते, त्यामुळे जिथे हातभर रुंद रंगीत नकाशा असायला हवा तिथे घडीची पाठ किंवा नकाशाचा एक कोपरा दिसतो. इंफाळच्या लढाईचे वर्णन अशा प्रतीतून वाचणे जवळजवळ निरर्थक आहे. मार्च १९४४ मध्ये १७ वी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशातील तिड्डिमहून इंफाळकडे मागे सरली, त्या सबंध हालचालीचे वर्णन रस्त्यावरच्या मैलांच्या दगडांनी केलेले आहे. १०९ व्या मैलावरचे मोठे पुरवठा केंद्र शत्रूच्या हाती गेल्याने काय घडले, हे तो मैल डोंगरांच्या कोणत्या बेचक्यात येतो ते पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच मी मूळ प्रतींच्या मागे लागलो आणि मिळणारी प्रत नकाशांसकट संपूर्ण असली पाहिजे, ही अट पहिल्या दिवसापासून धरली.

खरेदीच्या आधी मी यादी केली, आणि या छंदातला सर्वांत फलदायी वेळ त्या यादीवर गेला असे मी आजही म्हणेन. सरकारी प्रकाशनांना सामान्य पुस्तकांसारखे ठळक नाव आणि लेखक असतीलच असे नाही; त्यांची खरी ओळख क्रमांकात असते. ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेल्या कागदपत्रांचे उदाहरण घ्या. १९०० ते १९१८ या काळातील क्रमांकांमागे ‘सीडी’ ही अक्षरे आहेत, १९१९ पासून १९५६ पर्यंत ‘सीएमडी’, त्यानंतर १९८६ पर्यंत ‘सीएमएनडी’; आणि प्रत्येक मालिकेत क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले आहेत. पहिल्या महायुद्धातील तुर्कस्तानविरुद्धच्या फसलेल्या मोहिमेवर नेमलेल्या दार्दानेल्स चौकशी आयोगाचा १९१७ चा पहिला अहवाल ‘सीडी ८४९०’ आहे, तर १९१९ चा अंतिम अहवाल ‘सीएमडी ३७१’ आहे. एकाच आयोगाचे हे दोन अहवाल दोन वेगळ्या मालिकांत पडले आहेत. विक्रेत्याच्या यादीत अक्षरे गाळून नुसता ३७१ हा आकडा दिलेला असेल, तर पुढ्यात येणारा कागद भलत्याच दशकातला आणि भलत्याच विषयावरचा असू शकतो.

‘लंडन गॅझेट’च्या पुरवण्यांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पुरवणीवर दोन तारखा असतात: ती ज्या अंकाची पुरवणी आहे त्या अंकाची आणि ती प्रत्यक्ष प्रसिद्ध झाली तेव्हाची. कुणी एक तारीख नोंदवतो, कुणी दुसरी, आणि एकच पुरवणी दोन वेगळ्या पुरवण्या असल्यासारखी भासते. त्यामुळे मी तारखेपेक्षा अंकाचा क्रमांक मागतो. मलायातील पराभवावरचा तिथले ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल यांचा अहवाल मला असाच ३८२१५ या क्रमांकावरून सापडला. तो फेब्रुवारी १९४८ मधला आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडल्यावर पर्सिव्हल युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत होते, हे त्या सहा वर्षांच्या अंतरामागचे एक उघड कारण. अधिकृत इतिहासाचा सिंगापूरवरचा खंड १९५७ साली आला. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यात जो आनंद आहे तो दोन्हींचा सारांश देणाऱ्या कोणत्याही पुस्तकात मला मिळालेला नाही.

यादी करताना एखादी मालिका कुठे संपते हेही नक्की करून घ्यावे. पहिल्या महायुद्धातील पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेचा ब्रिटिश अधिकृत इतिहास १९४१ साली निघाला आणि त्यावर ‘खंड पहिला’ असे छापलेले आहे. दुसरा खंड कधीच प्रसिद्ध झाला नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो दुसऱ्या खंडाच्या शोधात वर्षे घालवील. याच्या उलट, पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या ऱ्हाइनलँड भागाच्या घेतलेल्या ताब्यावरचा, ब्रिटिश अधिकृत इतिहासकार एडमंड्स यांचा खंड १९४४ मध्ये केवळ सरकारी कामासाठी शंभर प्रतींत छापला गेला आणि सर्वांसाठी थेट १९८७ साली खुला झाला. जुन्या जाहिरातींतल्या मालिकेच्या यादीत त्याचे नाव सापडत नाही, पण तो अस्तित्वात आहे.

यादी हाताशी आल्यावर विक्रेत्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला. युद्धेतिहासाची जुनी पुस्तके विकणारे विक्रेते दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना विषय कळतो. त्यांच्या वर्णनात बांधणी, शिक्के, डाग आणि नकाशे यांचा स्वतंत्र उल्लेख असतो आणि त्यांचे दरही त्याला साजेसे असतात. दुसरे, ज्यांच्याकडे कुणाचा तरी सबंध संग्रह वजनावर आलेला असतो आणि सरकारी छापाची करडी-निळी पुस्तके त्यांना केवळ जागा अडवणारी वाटतात. माझे बरेचसे दुर्मीळ कागद दुसऱ्या प्रकारच्या विक्रेत्यांकडून आले, पण तिथे सर्व तपासणी आपल्यालाच करावी लागते. ‘संपूर्ण प्रत’ म्हणून मला पाठवलेल्या एका खंडात शेवटचे दोन नकाशे नव्हते; विक्रेत्याने पाने मोजली होती आणि पाने खरोखरच पूर्ण होती. घडीचे नकाशे पानांच्या क्रमांकात धरलेले नसतात, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. त्याने पुस्तक परत घेतले.

तेव्हापासून मी एकच ठरावीक विनंती करतो. अधिकृत इतिहासाच्या खंडाच्या सुरुवातीला नकाशे आणि रेखाटने यांची यादी असते आणि प्रत्येक नकाशा कोणत्या पानासमोर आहे हे तिथे दिलेले असते. त्या यादीच्या पानाचे छायाचित्र मी मागतो आणि यादीतील प्रत्येक नकाशा जागेवर आहे का, हे एकेक करून पाहण्याची विनंती करतो. नकाशा उलगडून त्याच्या घड्यांच्या छेदावर चीर गेली आहे का, हेही विचारतो, कारण तिथेच कागद आधी तुटतो. ज्या मालिकांत नकाशे वेगळ्या पेटीत दिलेले होते तिथे आणखी सावध राहावे लागते. पहिल्या महायुद्धातील फ्रान्स आणि बेल्जियममधील लढायांचा एडमंड्स यांचा इतिहास १९२२ ते १९४८ या काळात चौदा खंडांत निघाला. त्यातील १९१६ सालच्या लढायांवरील पहिल्या खंडाला मुख्य मजकूर, परिशिष्टांचे स्वतंत्र पुस्तक आणि नकाशांची पेटी असे तीन भाग आहेत. कपाटातून कपाटात जाताना हे भाग एकमेकांपासून सुटतात. मुख्य खंड सहज मिळतो, नकाशांची पेटी मिळत नाही, आणि पेटी एकटीच मिळाली तर ती कशाची आहे हे विकणाऱ्याला कळत नाही. अशा एकट्या पेट्यांवर मी मुद्दाम नजर ठेवतो.

नंतर निघालेली पुनर्मुद्रणे वाचनासाठी उपयोगी आहेत आणि मी ती वापरतो. मात्र रंगीत नकाशा काळ्यापांढऱ्यात छापला की आपले सैन्य आणि शत्रूचे सैन्य यांतला लाल-निळा फरक नाहीसा होतो, आणि नकाशा लहान केला की उंचीच्या रेषा एकमेकींत मिसळतात. पुनर्मुद्रण घ्यायचे झाल्यास आधी एक नकाशा पाहून घ्यावा.

ग्रंथालयातून बाहेर पडलेल्या प्रतींबद्दल संग्राहकांमध्ये नावड असते. मला ती पटत नाही. शिक्के, दाखल क्रमांक आणि पाठीवरची चिठ्ठी यांनी पुस्तकाचे रूप बिघडते, हे खरे. परंतु सरकारी प्रकाशने मुळात विकत घेतली ती मुख्यतः ग्रंथालयांनी, लष्करी महाविद्यालयांनी आणि कचेऱ्यांनीच. शिक्क्याची प्रत नको म्हटले तर निम्मा विषय हातातून जातो. माझा आग्रह वेगळा आहे. प्रत बाद केल्याचा शिक्का किंवा नोंद तिच्यावर असली पाहिजे, आणि ती नसेल तर मी त्या ग्रंथालयाला लिहून विचारतो. अमेरिकेतील एक तरतूद इथे ठाऊक असावी: तिथे ठरावीक ग्रंथालयांना सरकारी प्रकाशने ठेवीदाखल दिली जातात आणि ती केंद्र सरकारच्याच मालकीची राहतात. अशा ठेवीचा शिक्का असलेला लष्करी ग्रंथ रीतसर मोकळा केल्याची खूण नसेल, तर तो कितीही हवाहवासा वाटला तरी मी घेत नाही.

सर्वांत जास्त चिकाटी लागली ती भारतीय मालिकेसाठी. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली निघालेल्या या इतिहासाच्या शीर्षकपृष्ठावर भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची नावे एकत्र आहेत. फाळणीनंतर सैन्य वाटले गेले, कोठारे वाटली गेली, पण एकत्र लढलेल्या युद्धाचा इतिहास दोन देशांच्या संयुक्त विभागाने लिहून काढला. ते शीर्षकपृष्ठ पहिल्यांदा हातात आले तेव्हा मी बराच वेळ पुढचे पान उलटले नव्हते. ब्रह्मदेश परत जिंकण्याच्या मोहिमेवर या मालिकेत दोन खंड आहेत. ब्रिटिश खंड सेनापती आणि योजना यांच्यावर अधिक रेंगाळतात. भारतीय खंडांत बटालियनच्या पातळीवरच्या हालचाली मला अधिक बारकाईने सापडल्या. इंफाळजवळच्या सांगशाकला ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढलेल्या मराठा बटालियनसारख्या तुकड्यांचा माग काढायचा असेल, तर दोन्ही मालिका जवळ हव्यात. जपानी बाजूचा १०२ खंडांचा अधिकृत इतिहास १९६६ ते १९८० या काळात निघाला. तो माझ्या वाचनाच्या आवाक्याबाहेर असल्याने युद्धानंतर अमेरिकन सैन्याने माजी जपानी अधिकाऱ्यांकडून लिहवून घेतलेल्या टिपणांच्या इंग्रजी प्रतींवर मी समाधान मानले.

या मोठ्या खंडांच्या वाटेवर लहान पुस्तिकाही हाती येत गेल्या, आणि माझ्या मते खरा दुर्मीळपणा तिथे आहे. प्रशिक्षणाच्या पुस्तिका वापरून फाडून टाकण्यासाठीच छापलेल्या होत्या. त्यांना सुधारणापत्रे येत आणि जुन्या मजकुरावर नव्या पट्ट्या डकवल्या जात. पट्ट्या डकवलेली प्रत मला कोऱ्या प्रतीइतकीच मोलाची वाटते, कारण नियम कधी आणि का बदलला याचा पुरावा तिच्यात शाबूत असतो. प्रचारासाठी काढलेल्या पुस्तिकांनाही मी तितकेच महत्त्व देतो. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने १९४१ मध्ये काढलेल्या, ब्रिटनच्या हवाई लढाईवरील पुस्तिकेत ती लढाई लढवणाऱ्या लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांचे नावच नाही. ही उणीव पुढच्या इतिहासकाराच्या एका वाक्यात वाचणे आणि ती पातळ पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळून ते नाव न सापडणे, यांत मोठे अंतर आहे.

युद्धकाळातील या कागदांची काळजी घेणे मात्र कष्टाचे आहे. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, तारेच्या टाचण्या गंजतात आणि गंज दोन्हीकडच्या पानांत उतरतो. मी टाचणी सोडवून तिच्या जागी सुती दोरा घालतो, पुस्तिका आम्लविरहित कागदाच्या पाकिटात आडवी ठेवतो आणि कसर लागू नये म्हणून कपाट कोरडे ठेवून ते वरचेवर उघडतो. फाटलेल्या नकाशाला चिकटपट्टी लावत नाही. तिचा गोंद काही वर्षांनी कागदात मुरून कायमचा तपकिरी डाग पाडतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ यांनी मागच्या बाजूने केलेली दुरुस्ती टिकते आणि गरज पडल्यास पाण्याने सोडवताही येते.

ब्रिटिश पाच खंड आता नकाशांसकट जागेवर आहेत. त्यांतील एका खंडातला एक नकाशा मूळ नाही. मी तो एका ग्रंथालयाच्या परवानगीने त्यांच्या प्रतीवरून मूळ आकारात आणि रंगांत छापून घेतला, आणि तो नक्कल आहे, कोणत्या प्रतीवरून केव्हा केला, हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. भारतीय मालिकेतील आराकानच्या मोहिमांवरचा खंड माझ्याजवळ अजून पुनर्मुद्रित रूपातच आहे. त्याची मूळ प्रत विक्रीला आलेली दोनेकदा पाहिली; दोन्ही वेळा नकाशांच्या यादीचे छायाचित्र मागितले, यादी आणि नकाशे जुळले नाहीत, आणि मी नकार कळवला.